दादासाहेबांच्या नळ्या

पिरंगुटजवळच्या भरे गावात कुणाच्या घरी कार्य निघालं की आचारी आधी विचारायचा, "दादासाहेब येणार हायेत का?" येणार असले तर वांगं न घातलेली भाजी वेगळ्या पातेल्यात काढून ठेवावी लागे. माणूस तसा साधा. दिवसभर भातखाचरात राबेल, कुणाशी वाकडं बोलणार नाही. पण ताटावर बसला की त्याचा थाट बघावा. भात मऊ हवा, पण चिकटलेला नको. वालाच्या कालवणात एखादं साल दिसलं की वाटी बाजूला. कोथिंबिरीच्या काड्या बोटानं वेचून ताटाच्या कडेला मांडायच्या. आणि तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. गार भाकरी त्यांच्या मते गुरांची.

हे सगळे नखरे त्यांच्या बायकोनं, रत्नाबाईंनी, जन्मभर पुरवले. तोंडानं मात्र कधी गोड बोलल्या नाहीत. "खायाचं तर खा, न्हाईतर उठा," असं म्हणायच्या आणि म्हणता म्हणता दुसरी भाकरी थापायला घ्यायच्या.

कल्पना ही त्यांची सून. थोरला म्हणा, धाकटा म्हणा, एकच मुलगा होता, दयानंद. त्याची ही बायको. पौडच्या पलीकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला चपाती यायची, तांदळाची भाकरी यायची नाही. आई लहानपणीच गेलेली, घरात बाप आणि भाऊ, शिकवणार कोण? ती सासूला आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. आत्यांनी तिला उकड कशी काढायची, पीठ गरम असतानाच कसं मळायचं, वालाला खोबरं किती भाजायचं, आमसूल कधी टाकायचं, हे सगळं शेजारी बसवून शिकवलं. "पाण्याचा हात फिरव, पोरी. दाबू नगंस," असं म्हणत तिचा हात हातात धरून भाकरी थापायच्या. कल्पनाला आईच्या हाताचा स्पर्श आठवत नव्हता. भाकरी थापताना तिला वाटायचं, असाच असेल.

मागच्या वर्षी रत्नाबाई गेल्या. सकाळी गोठ्याकडे निघालेल्या, ओट्याच्या पायरीवर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. पिरंगुटच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, आणि चूल कल्पनाच्या हातात आली. तिनं मनाशी पक्कं ठरवलं की मामांना आत्यांची उणीव ताटात तरी भासू द्यायची नाही. तेच पीठ, तोच तवा, तसंच भाजलेलं खोबरं. वालाचा दाणा न् दाणा ती बोटांनी तपासून घ्यायची. ताट वाढायची आणि आशेनं बघत राहायची.

दादासाहेब घास मोडायचे, तोंडात घालायचे, थोडा वेळ चघळायचे. मग ताट हलकेच पुढं सारायचे. "बास. भूक न्हाई."

एक शब्द तक्रारीचा नाही. कल्पनाला तेच जास्त लागायचं. आत्यांना ते मिठावरून, काड्यांवरून घालूनपाडून बोलायचे. आपल्याला साधं नावही ठेवत नाहीत, म्हणजे आपलं करणं नावं ठेवण्याच्याही लायकीचं नाही, असं तिनं धरलं. त्यात आलेगेले भर घालायचे. "रत्नाबाईच्या हाताची सर कुटं येतीया?" सांत्वनाला आलेली एक चुलत सासू तिच्या तोंडावर म्हणाली. दयानंद कंपनीतून शिफ्ट संपवून यायचा, बापाचे खांदे उतरलेले बघायचा आणि बायकोला म्हणायचा, "जरा आईसारखं करून बघ की." कल्पना चुलीपुढून उठून मोरीपाशी जायची आणि भांडी जरा जास्त जोरात घासायची.

डॉक्टरांनी तपासलं. दुखणं काही नव्हतं. "वय झालंय, मनाला लागलंय. जे खातील ते द्या, पण खाऊ घाला," एवढंच म्हणाले.

घरामागं दयानंदनं भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या होत्या. त्यातल्या एकीत अपूर्वा नावाची मुलगी राहायची. लातूरकडची, ऑफिस हिंजवडीला, पण बरेच दिवस घरूनच काम. तिला स्वयंपाकाचा मनस्वी कंटाळा. दुकानातून पास्त्याची पाकिटं आणायची, दूध-पाणी उकळायचं, त्यात पाकीट फोडून टाकायचं, की झालं जेवण.

एकदा कल्पना भावाच्या घरी वास्तुशांतीला गेली होती. मामांचं ताट झाकून ठेवलं होतं. संध्याकाळी परत आली तर ताट तसंच, भाकरीला बोटही लागलेलं नाही. आणि ओट्यावर दादासाहेबांच्या शेजारी चिनीमातीचा एक वाडगा, चाटूनपुसून साफ.

"काकू, सॉरी हं," अपूर्वा ओशाळून म्हणाली. "मी पायरीवर बसून खात होते, आजोबांनी विचारलं काय आहे ते. मी म्हटलं, पास्ता, देऊ का थोडा? तर त्यांनी सगळाच संपवला. मग मी माझ्यासाठी दुसरा केला."

"कसल्या त्या नळ्या," दादासाहेब म्हणाले. "पोकळ हायेत आतून. पण बऱ्या लागत्यात."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी ते काठी टेकत मागच्या खोल्यांकडं निघाले. तिसऱ्या दिवशीही. दयानंदला हसू आलं. तो पिरंगुटहून पाकिटांची पिशवीच घेऊन आला. "घ्या. डॉक्टर म्हणले ना, खातील ते द्या."

कल्पनाला हसू आलं नाही. पाकीट उकळत्या दुधात पालथं करताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पहाटे उठून ती वाल सोलत होती, आणि हा माणूस पिवळ्या भुकटीत बुडवलेल्या मैद्याच्या नळ्या मिटक्या मारत खातो. ज्याला कोथिंबिरीची काडी चालत नाही, त्याला हे चालतं! माणसाला किती कमी लेखायचं, त्याला काही सुमार?

शेवटी एका दुपारी तिचा बांध फुटला. दादासाहेब ओट्यावर खात बसले होते. ती समोर उभी राहिली.

"मामा, एक विचारू? माझ्या हाताला चव न्हाई, व्हय ना? न्हाई तर न्हाई म्हणा. पण एकदा तोंडानं सांगा. मी आत्यांसारखं करायला बघत्ये, न्हाई जमत मला."

दादासाहेबांनी चमचा खाली ठेवला. 

"कोण म्हणतंय जमत न्हाई?" ते म्हणाले. "लई जमतंय. तीच चव हाय, कल्पना. मीठसुदीक तिच्याच हाताचं. पैला घास तोंडात गेला की मला वाटतंय, ती हाय. आतच हाय चुलीपाशी, आता कायतरी टाकून बोलंल मला. मग मी मान वर करतो." ते थांबले. "आन् तितं तू असतीस, पोरी."

कल्पनाची नजर आत चुलीकडं गेली.

"रोज दोनदा मान वर करायची न् रोज दोनदा ती गेल्याली बघायची," दादासाहेब म्हणाले. "घास उतरत न्हाई गं. ह्या नळ्यांत ती न्हाई. तिनं कवा केल्या न्हाईत, खाल्ल्या न्हाईत. ह्या नुसत्या पोटात जात्यात."

कल्पना त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकली. इतके दिवस ती ज्याला आपलं हरणं समजत होती ते भलतंच काही निघालं. पण जिंकल्याचा आनंदही होईना, कारण एक गोष्ट तिच्या तेव्हाच ध्यानात आली: ताट वाढून ती मामांकडं आशेनं बघायची, ती काही फक्त सून म्हणून नाही. त्यांनी जुन्यासारखं नाव ठेवावं, आतून आत्यांनी उत्तर द्यावं, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं व्हावं, याचीच ती वाट बघत होती.

"मला पण आठवण येती, मामा," ती म्हणाली. एवढ्या महिन्यांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"व्हय," दादासाहेब म्हणाले. "तुला तर यायाचीच."

त्या दिवसापासून मामांच्या ताटातली भाकरी तिनं बंद केली. दयानंदचा डबा वेगळा, मामांचा पास्ता वेगळा. अपूर्वानं तिला पाकिटावर न छापलेल्या तीन गोष्टी दाखवल्या: दूध थोडं जास्त, आच मंद, झाकण ठेवायचं नाही. पुढं कल्पना स्वतःच एकेक करून बघू लागली. कधी वाटाणे टाकले, कधी लसूण तळून वरून घातला. टोमॅटो दादासाहेबांनी वेचून बाहेर काढले; मग ती ते किसून, बेमालूम मिसळून घालू लागली. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. दादासाहेबांच्या अंगावर हळूहळू मांस चढलं. गल्लीतली पोरं त्यांना चिडवायची, "आजोबा, आज कुठला पास्ता?" तेही मान डोलावून, जसं काही जन्मभर तेच खात आलोय, अशा थाटात सांगायचे.

अपूर्वाची बदली बंगळूरला झाली. जाताना तिनं उरलेली पाकिटं कल्पनाला दिली आणि आजोबांच्या पाया पडली.

भात निघाला. खाचरांत राहिलेल्या ओलीवर दयानंदनं वाल टाकला होता, तो थंडीत शेंगांवर आला. शेंगा सोलताना हिरव्या दाण्यांचा वास कल्पनाच्या बोटांना लागला आणि तिला ते कालवण खावंसं वाटलं. नुसती इच्छा नव्हे, जीव कासावीस व्हावा इतकं. मामांसमोर नको म्हणून इतके दिवस तिनं स्वतःसाठीही ते केलं नव्हतं. दुपारी मामा आडवे झाले होते. तिनं मागच्या चुलीवर छोटं पातेलं चढवलं. खोबरं भाजलं, लसूण ठेचला, शेवटी आमसूल टाकलं. एकच भाकरी थापली. मागच्या पायरीवर ताटली घेऊन बसली आणि पहिला घास घेतला.

काठीचा आवाज आला. दादासाहेब दारात उभे होते. वास घरभर गेला असणार, तिनं तो विचारच केला नव्हता. ती गडबडून उठायला लागली.

"बस, बस," ते म्हणाले. चौकटीला हात धरून सावकाश उंबऱ्यावर बसले. "तसंच झालंय?"

"व्हय, मामा. तसंच."

"देऊ का" असं तिच्या ओठांवर आलं, पण तिनं विचारलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. डोळे अर्धे मिटून ते नुसते बसून राहिले, ऊन पायांवर घेत. कालवणाची वाफ त्यांच्या अंगावरून घरात जात होती.

"खा," थोड्या वेळानं ते म्हणाले. "गरम हाय तवर खा."

कल्पना खात राहिली. मध्येच तिचे डोळे भरून आले ते तिनं मनगटानं पुसले, आणि त्यांनी बघितलं तरी बघितलं नाही असं केलं. भाकरीचा शेवटचा तुकडा तिनं ताटलीवर फिरवून कालवण निपटून घेतलं. मग तिनं हात धुतले, दुसऱ्या पातेल्यात दूध ओतलं आणि विचारलं, "वाटाणे टाकू का आज?"

"टाक," दादासाहेब म्हणाले. "थोडेच टाक."