चार खाटा आणि झेंडू

एकवटलेल्या लोकशक्तीपुढे सिंहासनंही डळमळतात. आमच्या गावात ही शक्ती एकवटली तेव्हा डळमळली ती एक लाकडी खुर्ची, आणि तिचा एक पाय आधीपासूनच आखूड होता.

गाव भातकुलीच्या पलीकडे. मी तिथे जिल्हा बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. दवाखानाही बोर्डाचाच. त्यात एक कंपाउंडर, मलमपट्टी करणारा एक ड्रेसर, एक दाई आणि बाळंतिणींच्या खोलीत चार लोखंडी खाटा. कापसाचा भाव पडला तशी बोर्डाला काटकसर आठवली. हुकूम आला: खोली बंद, दाईला घरी पाठवा, खाटा गावच्या डाकबंगल्यात पोचवा. अंमलदारांच्या दौऱ्याचा हंगाम जवळ आला होता आणि त्यांच्या झोपेची काळजी बोर्डाला होती.

गावात भाजी आणि फुलं पिकवणारी एक माळीण होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या सुनेच्या पहिल्या खेपेला गावात या खाटा नव्हत्या. भर पावसात अमरावतीला नेताना बैलगाडी काळ्या मातीत रुतली आणि मूल गाडीतच गेलं. यंदा सून पुन्हा पोटुशी होती. पौषात दिवस भरत होते.

मी बोर्डाला अर्ज लिहिला. त्यात दोन तत्त्ववेत्ते आणि एक रोमन सम्राट घातला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या अर्जातून सम्राट काढला, तरी नाही.

"मास्तर, तुमच्या कागदानं काय होऊन राहिलं?" मावशीनं विचारलं.

"बोर्ड विचार करत असेल."

"त्याइचा इचार होयेपर्यंत माही सून मोकळी होईन."

दाईनं खोलीची चावी कमरेला खोचली आणि देणार नाही म्हणून सांगितलं. ड्रेसरनं गावातल्या हमालांना गाठलं; खाटेला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. कंपाउंडर मात्र घाबरला.

"बाई, नोकरी जाईल."

"माही तं गेलीच आहे," दाई म्हणाली. "तुमची उरली असन तं तिकडं उभे राहा."

तो थोडा वेळ तिकडे उभा राहिला, मग इकडे आला.

बोर्डानं भातकुलीहून हमाल पाठवले. ते आले तेव्हा चारही खाटांवर बाया मेथी निवडत बसल्या होत्या. बायांसकट खाटा उचलायचा हुकूम नाही, असं म्हणून हमाल चहा पिऊन परत गेले. बायांनी मात्र पाळी लावली आणि खाटा रिकाम्या ठेवल्या नाहीत.

अशात बोर्डाच्या अध्यक्षांचा दौरा जाहीर झाला. हे रावसाहेब, पदवी इंग्रज सरकारनं दिलेली. डेप्युटी कमिशनरसाहेबांच्या हातून डाकबंगल्याच्या नव्या व्हरांड्याचं उद्घाटन करायचं होतं. आमच्याकडे अध्यक्षाच्या गळ्यात हार पडल्याशिवाय तो खुर्चीवर बसत नाही आणि तो बसल्याशिवाय सभा सुरू होत नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच तो कधी मोडत नाही. मावशीनं गावातल्या सगळ्या माळ्यांना बोलावलं आणि ठरवून टाकलं: हार नाही, तोरण नाही, गुच्छ नाही.

बोर्डाचा कारकून फुलांसाठी अमरावतीला धावला. तिथले माळी मावशीचे सोयरे. झेंडूच्या ढिगाशेजारी बसून त्यांनी सांगितलं, "यंदा फुलंच नाही झाले, बापा."

सभेच्या दिवशी कारकून माझ्याकडे आला. शाळेतली मुलं टकळीवर सूत काततात, त्याचा हार होईल का? होईल, मी म्हणालो, पण सुताचा हार सत्याग्रह करून तुरुंगात जाणाऱ्यांच्या गळ्यात घालतात, तेवढं रावसाहेबांना विचारून या. रावसाहेबांनी साहेबांकडे पाहिलं, सुताकडे पाहिलं आणि नको म्हणाले.

साहेब केव्हाचे बसले होते. रावसाहेब आपल्या खुर्चीशेजारी उभे. कशासाठी थांबलो आहोत, असं साहेबांनी विचारलं.

गर्दीतून मावशी म्हणाली, "फुलाची वाट पाहून राहिले, सायेब. फुलं आमच्यापाशी आहेत. दवाखान्यातल्या खाटा राहतीन तं भेटतीन."

मी भाषांतर केलं. तत्त्ववेत्ते गाळले. खाटा कुठे चालल्या आहेत, साहेबांनी विचारलं. आपल्याच सोयीसाठी डाकबंगल्यात, रावसाहेब म्हणाले. साहेब म्हणाले की दौऱ्यावर ते स्वतःची घडीची खाट घेऊन फिरतात.

मग रावसाहेबांनी जाहीर केलं की खोली बंद करण्याचा बोर्डाचा विचार कधीच नव्हता.

"तोंडानं नाही. लिहून द्या," मावशी म्हणाली. "आन् दाईचंबी त्यात येऊ द्या."

कारकुनानं तिथेच लिहिलं, रावसाहेबांनी सही केली, मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मग शाळेमागून टोपल्या आल्या. रावसाहेबांना कानापर्यंत हार घातले. ते बसले, खुर्ची डळमळली, आणि लोककल्याणावर त्यांचं फार लांब भाषण झालं.

पौषात मावशीची सून त्याच खोलीत बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. खाटेवर मात्र सून निजली नाही. एवढ्या उंचावरून पडले तर, असं म्हणून तिनं खाली सतरंजी अंथरून घेतली. खाटेवर मावशी झोपली.