किल्ल्याची मागची बाजू

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या गॅरेजमध्ये किल्ला असायचा आणि गाड्या बाहेर गारठायच्या. आम्ही राहतो मिशिगनमधल्या नोव्हायला. इथे त्या सुमाराला अंगणात किल्ला बांधायचा म्हणजे मावळ्यांनासुद्धा स्वेटर घालावे लागतील. म्हणून गॅरेजची मागची भिंत. तिला टेकवून विटा रचायच्या, विटांवर जुनी पोती, पोत्यांवर चिखल. मी साताऱ्याची आहे, त्यामुळे किल्ल्याच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं चालत नाही. नवऱ्याकडे विटा उचलायचं काम असायचं, मत द्यायचं नसायचं.

तरी एक बाई शिकवायला आलीच. शेजारची ओमा.

ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजी. माझ्या मुलीने तिला पहिल्यांदा ही हाक मारली आणि मग आम्ही सगळेच मारायला लागलो. ती लग्न होऊन तरुणपणीच इकडे आली. नवरा गाड्यांच्या कारखान्यात साचे करायचा, तो आम्ही इथे येण्याआधीच गेला. मूलबाळ नव्हतं. आम्ही घर घेतलं त्याच आठवड्यात ती केक घेऊन आली, माझ्या मुलीकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हिच्या पायात मोजे का नाहीत?" मला राग आला होता. बाई, केक दे आणि जा, असं मनात म्हटलं.

पुढे मुलगी शाळेत जायला लागली. मी आणि नवरा दोघंही गाड्यांच्याच धंद्यात, संध्याकाळशिवाय घरी यायची सोय नाही. तेव्हा शाळेची बस यायच्या वेळेला ही बाई कोपऱ्यावर उभी राहायला लागली. मी विनंती केली नव्हती. तिने परवानगी मागितली नव्हती. माझ्या मुलीचं अर्धं बालपण तिच्या स्वयंपाकघरात गेलं. तापात ती तिच्या सोफ्यावर झोपली, सायकल तिच्या ड्राइव्हवेवर शिकली, पहिला दात तिच्याच सफरचंदात पडला. बदल्यात काही द्यायला गेलं की ओमा संतापायची. फक्त पुरणपोळी घ्यायची, तीही उजेडाकडे धरून, आत काय लपवलंय ते बघत. आपल्या माणसांना थँक्यू म्हणायची आपल्यात पद्धत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे एवढ्या उपकाराला पुरेल असा शब्दच मला सापडत नव्हता.

पहिला किल्ला पाहिला तेव्हा तिने विचारलं, "माणसं कुठे राहतात?"

मी बुरूज दाखवले, तोफा दाखवल्या, वर सिंहासनावरचे महाराज दाखवले.

"आणि यांना पाव कोण देतं?"

"हा फोर्ट आहे, ओमा. इथे बेकरी नसते."

"मग हे लोक फार दिवस टिकत नसणार," ती म्हणाली.

तेव्हापासून दर दिवाळीला ओमा आपली खुर्ची घेऊन यायची, कोट घालून गॅरेजमध्ये बसायची आणि माझ्या किल्ल्यातल्या उणिवा म्हणून तिच्या गावाचा इतिहास सांगायची. दक्षिण जर्मनीतलं डोंगरउतारावरचं लहानसं गाव. खाली ओढा आणि गिरणी. मग वेशीचा दरवाजा, त्याच्यावर मनोरा. आत चौकात कारंजं, म्हणजे खरं तर गुरांना पाणी पाजायचं दगडी टाकं. चौकातून दगडी पायऱ्या वर चर्चपर्यंत. दोन्ही अंगाला दगडी ताली, म्हणजे उतारावरचे बांध, घातलेले द्राक्षांचे मळे. कारंज्याशेजारी सगळ्या गावाची मिळून एकच भट्टी. पाव भाजायची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरायची आणि पहिली पाळी कुणालाच नको असायची, कारण थंडगार भट्टी तापवण्यात पहिल्या बाईचीच लाकडं जळायची. हे ऐकून माझ्यातली गृहिणी हळहळली.

जुन्या काळी त्या खोऱ्यातून सैन्यं जायची. एकदा गावाने दरवाजा बंद करून घेतला, तर सैन्याने सगळं गाव जाळलं. उरला तो मनोरा. पुढच्या वेळी सैन्य आलं तेव्हा गावचा मुख्य माणूस दारूचं पिंप आणि पावाच्या टोपल्या घेऊन स्वतःच वेशीबाहेर गेला.

"म्हणजे शरण गेलात," मी म्हणाले. साताऱ्याचं रक्त.

"म्हणजे गाव राहिलं," ओमा म्हणाली.

चर्चच्या घंटांची गोष्ट ती दरवर्षी सांगायची. तिच्या लहानपणी युद्ध चालू होतं आणि मोठ्या घंटा वितळवायला नेल्या होत्या. एक छोटी तेवढी मागे ठेवली. नंतर नव्या मोठ्या घंटा आल्या, पण ओमाच्या मते त्यांना काही बोलता येत नाही, नुसत्या ओरडतात.

एका दिवाळीला किल्ल्यावर अळीव छान उगवले होते. मी आत चहा टाकायला गेले आणि येऊन बघते तर ओमा तटबंदीजवळची हिरवळ खुडून खातेय. "ही तर आमची क्रेसे!" ती म्हणाली. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधी मुलं बशीत कापूस घालून हेच पेरतात आणि पावाला लोणी लावून वर हेच घालतात. माझ्या मुलीने लगेच आतून ब्रेड आणला. त्या वर्षी आमचा गड दोन दिवसांत उघडाबोडका झाला, शत्रूशिवाय.

मग मुलगी मोठी झाली आणि किल्ला बंद पडला. मातीत हात घालायचं वय गेलं, फोनमध्ये घालायचं आलं. ओमाचं वयही झालं. गेल्या दोन वर्षांत तिची नजर गेली. पूर्ण अंधार नाही, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलेलं दिसतं, कडेचं थोडं दिसतं. या वसंतात तिने गावाला एकदा जाऊन यायचं ठरवलं होतं. तिकीटही काढलं. पण डॉक्टरांनी हृदय तपासलं आणि विमान नको म्हणून सांगितलं. मी भाजी द्यायला गेले होते तेव्हा बोटाने कपाची कड चाचपत ती म्हणाली, "तिकीट कॅन्सल केलं. आता ते बघायचं राहिलं." दूध संपलं असं सांगावं तसं म्हणाली. मी घरी येऊन सिंकशी उभी राहून रडले. जिने माझ्यासाठी सगळं केलं, तिला हवी असलेली एकच गोष्ट माझ्या हातात नव्हती.

दिवाळीच्या आधी एका जेवणात मी हे पुन्हा बोलले. मुलगी आता सतरा वर्षांची, कॉलेजच्या अर्जांनी वैतागलेली. ती मान वर न करता म्हणाली, "मग ओमाचं गाव बांधू ना आपण. शी कॅन सी विथ हर हॅण्ड्स."



ओमाला खुर्चीत बसून हात पुरावा म्हणून या वेळी जमिनीवर नाही, तर टेबल टेनिसच्या जुन्या, चाकांच्या टेबलावर बांधायचं ठरलं. वजन नको म्हणून विटांऐवजी रिकामी खोकी. टेबल मागच्या भिंतीला लावलं, खोकी रचली, पोती, चिखल. समोर नमुन्याला ओमाच्या डब्यातली पोस्टकार्डं आणि इंटरनेटवरचे फोटो. मुलीने सक्त ताकीद दिली होती की रंग कुणी लावायचा नाही, कारण रंगाचा ओमाला उपयोग नाही. रस्त्याला सँडपेपर, ओढ्याला चुरगळलेला फॉइल पेपर, तालींना फुटक्या फरशीचे तुकडे. मळ्यांमध्ये अळीव. मी सवयीने वेशीला दोन बुरूज चढवले होते, ते तिने उपटून टाकले. "आई, धिस इज नॉट अ फोर्ट." मी ऐकून घेतलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी ओमाला आणलं. कोट, टोपी, स्कार्फ. तिने हातमोजे काढले. मुलीने तिची बोटं ओढ्यावर टेकवली आणि हळूहळू वर नेली. दरवाजा. कारंजं. भट्टी. पायऱ्या. चर्च. प्रत्येक ठिकाणी ओमा "हं" म्हणत होती. शेवटी हात मागे घेऊन म्हणाली, "फार सुंदर आहे. थँक्यू."

हा आवाज मला माहीत होता. चर्चमधल्या बायका कोरडा केक आणून देतात तेव्हा ती याच आवाजात बोलते.

मुलगी माझ्यासारखी गप्प बसणारी नाही. "ओमा, व्हॉट्स राँग?"

ओमाने पुन्हा हात पुढे केला. चर्चच्या वरून, डोंगरमाथ्यावरून पलीकडे नेला. बोटं गॅरेजच्या भिंतीवर आपटली.

"इथे काय आहे?"

"भिंत," मी म्हणाले.

"नाही. डोंगराच्या मागे काय आहे?"

मागे खोकी होती, चिकटपट्ट्या होत्या, पोत्यांची टोकं होती. मी सांगितलं, "ओमा, आमच्याकडे किल्ल्याला मागची बाजू नसते. तो समोरून बघायचा असतो."

"मी मागे राहायचे," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते इतक्या दिवाळ्यांत कधी सांगितलं नव्हतं. द्राक्षं उन्हाच्या उताराला. चर्च, दरवाजा, पोस्टकार्डाचे फोटो, सगळं उन्हाच्या उताराला. माथ्याच्या मागे, सावलीच्या अंगाला, चारदोन घरं. पुढच्या लोकांच्या मळ्यांत कामाला जाणाऱ्यांची. तिचं घर त्यांतलं शेवटचं. बर्फ तिथे सगळ्यांत उशिरा वितळायचं. "गाव कसं आहे असं विचारतात, तेव्हा लोकांना चर्च हवं असतं," ओमा म्हणाली. "मागचं कुणाला दाखवणार?"

माझी मुलगी टेबलाखाली वाकली आणि चाकांचे खटके सोडायला लागली. "बाबा, पुश."

टेबल करकरत भिंतीपासून सुटलं. द्राक्षांच्या दोन ताली घसरल्या, गिरणी ओढ्यात गेली. जाऊ दे म्हटलं. संध्याकाळी पूजा होती, फराळाला माणसं यायची होती आणि मी चांगली साडी नेसलेली. पदर खोचला आणि चिखलात हात घातले. लक्ष्मी समजूतदार आहे, थांबेल.

ओमाची खुर्ची मागच्या बाजूला लावली. ती सांगत गेली आणि आम्ही लिंपत गेलो. उतार इकडे जास्त उभा. झऱ्याचं पाणी लाकडी पन्हाळीतून दगडी डोणीत पडतं, तिथे बायका धुणं धुतात. आलुबुखाराची झाडं, वाकडी. घरांच्या भिंतीला लाकडांची रास. तिचं घर बुटकं, बाजूला शेळीचा गोठा, गोठ्याला वेगळं दार नाही, शेळी घरातूनच जाते. नवऱ्याने अंगणात जाऊन काटक्या आणल्या. मुलीने घर केलं. ओमाने ते चाचपलं आणि छप्पर अजून खाली घ्यायला लावलं. पुन्हा चाचपलं आणि दाराच्या चौकटीवर अंगठा ठेवून बसली. एवढ्या वर्षांनी तिला पुरेल असं काहीतरी आमच्या हातून होत होतं आणि तेही तिनेच आम्हाला शिकवलं होतं.

"वाट?" मुलीने विचारलं.

"घरापासून सरळ वर," ओमा म्हणाली. "मी धावत जायचे. आई पाव आणायला पाठवायची."

मुलीने सँडपेपरची बारीक पट्टी कापून घरापासून माथ्यापर्यंत चिकटवली. चिखल ओला होता, तो सुकेपर्यंत थांबायला ओमा तयार नव्हती. खुर्चीतून उठली. नवऱ्याने कोपर धरलं. तिने दोन बोटं दारात ठेवली आणि निघाली. झाडांखालून, डोणीवरून, उभ्या चढावर हळू. बोटं चिखलाने माखली होती. माथ्यावर आली आणि थांबली. तिथून पुढे आम्ही बांधलेलं सगळं गाव खाली पसरलं होतं, चर्चचं छप्पर, पायऱ्या, चौक, दरवाजा, ओढा.

माझ्या मुलीला वाटलं तिला पुढची वाट सापडत नाहीये. "ओमा, मी हात धरू का?" तिने चक्क मराठीत विचारलं.

ओमाने दुसरा हात वर केला.

"श्श," ती म्हणाली. "कुणी बोलू नका. मला बघू दे."