फुकट गेलेल्या सीड्या

आमच्या घरात सीडी राइट होत असली की कुणी शिंकतसुद्धा नसे. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि नव्वदीच्या दशकाच्या अगदी शेवटी त्याने घरच्या कॉम्प्युटरला सीडी राइटर बसवून घेतला. एक सीडी तयार व्हायला पाऊण तास लागे. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत राही, आणि मध्येच वीज जरा दबली की सगळी मेहनत पाण्यात. बाबा दुकानातून जेवायला आले तर चपला हातात घेऊन आत येत. मी कॉलेजचं पुस्तक उघडं टाकून खुर्चीत पाय वर घेऊन बसे. खिडकीच्या पडद्यातून झिरपणारं ऊन, पंख्याची घरघर, खालच्या चिकपेटेच्या बाजारातल्या हमालांच्या हाका, सगळंच कुठून तरी फार लांबून येतंय असं वाटे. त्या दुपारी मला आजही अर्धवट झोपेत काढल्यासारख्या आठवतात.

या सगळ्याला एकच शत्रू होता, आईचा ग्राइंडर. डोशाचं पीठ वाटायला तो घुर्र करून सुरू झाला की दिवे मिणमिणत, कॉम्प्युटर गचका खाई आणि सीडी फुकट जाई. अण्णाने वैतागून स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला, ‘ग्राइंडर बंद ठेवा’. आईने चष्मा लावून तो वाचला.

“सरी,” ती कानडीतून ‘बरं’ म्हणाली. “मग सकाळचे दोसे पण तुझ्या त्या डब्यालाच घालायला सांग.”

फुकट गेलेल्या सीड्या अण्णा टीव्हीवर रचून ठेवी आणि ती चवड आईच्या हवाली असे. वस्तू टाकून देणं तिच्या जिवावर यायचं. कुंडीतल्या डाळिंबावर कबुतरं बसू नयेत म्हणून तिने चार सीड्या दोऱ्याने टांगल्या. एक तेलाच्या बाटलीखाली गेली. एकीची कड धरून ती रांगोळीचं वर्तुळ काढी. चार वाजता ऊन गॅलरीत आलं की डाळिंबावरच्या सीड्या फिरू लागत आणि छतावर रंगीत कवडसे पोहायला लागत. मी पुस्तक पोटावर उपडं टाकून ते बघत पडून राही. तेवढ्यात ग्राइंडर सुरू होई, आणि त्या घरघरीतून आईचं गाणं येई.

आई फक्त ग्राइंडर चालू असतानाच गायची. त्या आवाजात आपलं गाणं कुणाला ऐकू जात नाही, अशी तिची पक्की समजूत होती. एरवी ‘गा’ म्हटलं की “चल, चेष्टा पुरे” म्हणून उठून जायची. आम्हीही ऐकत नसल्याचं सोंग छान वठवत होतो.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. आवाज पहिल्यासारखा राहीलच असं सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी अण्णाला बाजूला घेऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने माइकची वायर पडद्यामागून स्वयंपाकघरात नेली आणि माइक झाऱ्यांच्या शेजारी टांगला. आईने डाळ-तांदूळ ग्राइंडरमध्ये ओतले आणि ती गायला लागली. ती देवळात गेल्यावर आम्ही ते गाणं सीडीवर घेतलं, मुख्य म्हणजे ग्राइंडर बंद असताना. कॉम्प्युटरमध्ये जागा पुरत नसे म्हणून अण्णाने मूळ रेकॉर्डिंग लगेच पुसून टाकलं. पेनाची शाई सीडीत उतरते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्याने तिच्यावर काही लिहिलंही नाही. ऑपरेशन होऊन आई घरी आल्यावर तिला चकित करायचं म्हणून सीडी तशीच टीव्हीवर, त्या फुकट गेलेल्यांच्या चवडीवर ठेवली. इतका हुशार माणूस, पण तिथे मात्र माती खाल्ली.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र घोगरा झाला, शब्दागणिक अडकणारा. महिना गेला, तरी ती सीडी लावायचा आम्हाला धीर होईना. ग्राइंडर पुन्हा फिरू लागला, पण त्यातून नुसती दगडाची घरघर यायची. मला ती सहन होत नसे. शेवटी एका दुपारी अण्णा ती सीडी लावायला उठला, तर टीव्हीवर एकही सीडी नव्हती.

“आई, इथल्या सीड्या?”

“दवाखान्यात जायच्या आधी घर आवरलं नाही का? लावल्या सगळ्या कामाला.”

आम्ही घरभर फिरलो. डाळिंबावरच्या सोडवल्या, रांगोळीच्या डब्यातली काढली, बाटलीखालची साबणाने धुतली. अण्णा प्रत्येक सीडी बाबांच्या जुन्या धोतराने पुसून घाली. कॉम्प्युटर खोकल्यासारखा आवाज करी आणि गप्प बसे. मी तर रडायच्या बेतात होते.

राहिली देवघरातली, विझलेल्या समईखालची. देवापुढे ठेवायची म्हणून आईने त्यातल्या त्यात बिनओरखड्याची निवडली होती. अण्णाने तिच्यावरचं तेल हलक्या हाताने पुसलं आणि ती आत सरकवली. आधी ग्राइंडरची घरघर आली. आतल्या खोलीतून आई ओरडली, “ग्राइंडर कुणी लावला गं?” तोवर गाणं सुरू झालं होतं.

ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. छतावर कवडसे नव्हते, सगळ्या सीड्या आम्ही काढून आणल्या होत्या. खोलीत नुसतं ऊन होतं आणि तिचा तो मोकळा, गोड आवाज. गाणं संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

“मी अशी गायची?” तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

“रोज,” अण्णा म्हणाला. “आम्हाला रोज ऐकू यायचं.”

“आवडायचं?”

आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

“मग तेव्हाच का नाही रे सांगितलंत?”

अण्णाने सीडी काढली, पुन्हा एकदा पुसली आणि परत लावली.