परत द्यायची गाडी

"आधी बसून तं पाहू," असं म्हणत ते कुठल्याही गाडीपुढे चपला काढायचे. ऑटो असो की कुणाची नवी स्कूटर, पुढच्या भागाला हात लावून तो छातीशी नेणार आणि मगच बसणार. मनीषनगरच्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये ते माझे शेजारी, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणायचे. असा एक माणूस तुमच्याही जिन्यात राहत असणार, नीट बघा. दुकानातला सोफा, आरामखुर्ची, कुणाचा नवा झोपाळा, सगळ्यावर बसून बघणार, तोंडभर कौतुक करणार आणि काहीएक न घेता घरी येणार.

त्यांची स्कूटर मुंगीच्या पावलांनी चालायची. मागे बसलेल्या काकू वैतागायच्या, "अहो, सायकलवाले पुढे जाऊन राहिले!"

"जाऊ दे. त्यायले घाई असन."

असा माणूस एके दिवशी विजेवर धावणाऱ्या, पापणी लवायच्या आत वारा होणाऱ्या चारचाकी गाडीच्या प्रेमात पडला. साधी गाडी दाखवली की तोंड फिरवायचे. तरुणपणी न केलेला हट्ट म्हातारपणी कसा उफाळून येतो, ते आम्ही सगळ्यांनी फुकटात पाहिलं.

प्रश्न एवढाच होता की गाडी विकत घ्यायची, की लीजवर, म्हणजे तीन वर्षं भाडं भरून परत द्यायची? स्कीममध्ये सरळ दोन पक्ष पडले. बंगळूरचा लेक फोनवर सांगे, "बाबा, लीजवरच घ्या. ह्या गाड्या लवकर जुन्या होऊन राहिल्या." काकूंना ते अजिबात पटत नव्हतं. "परत द्यायच्या गाडीले हळदकुंकू कोण लावते?"

खरी गोष्ट काकांनी एकदा पार्किंगमध्ये मला एकटीला सांगितली. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. सध्या चालवा, पुढचं आजच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तिले पारशिवनीले माहेरी न्याचं आहे वं. समोरच्या सीटवर बसवून. जन्मभर एस.टी.नं गेली बिचारी. विकत घेतली अन् डोळे गेले, तं गाडी रोज खाली उभी दिसन..." ते थांबले. "नाई, दिसनच नाई मले!" आणि स्वतःच मोठ्याने हसले. मला काही हसता आलं नाही.

मग ट्रायलची गाडी दारात आली. काकूंनी ती गॅलरीतून पाहिली आणि त्यांना वाटलं, ह्यांनी गुपचूप घेतलीच. मी खाली उतरेपर्यंत बॉनेटवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक उमटलं होतं, चारही चाकांखाली लिंबं होती आणि नारळ फुटून खोबरं वाटणं सुरू होतं. शोरूमच्या माणसाला घाम फुटला.

"काकू, अहो ही ट्रायलची गाडी आहे!"

"असू दे गा. चाकं तं आहेत ना? मंग लिंबू लागतेच."

तशीच नटलेली गाडी शहराबाहेर नेली. काकू समोर, मी आणि शोरूमचा माणूस मागे. रस्ता मोकळा बघून काकांनी पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली आणि मी गजाननाचा धावा सुरू केला. काकू मात्र लहान पोरीसारख्या खळखळून हसत होत्या. "अजून एकदा! अहो, अजून एकदा!" काकांनी गाडी बाजूला उभी केली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "लीजवर घेतो."

"आणि काकूंचं हळदकुंकू?" मी छेडलं.

"परक्याच्या गाडीले लावलंच ना आज? गाडी शोरूमवाल्याची होती, पन हासली तं माझीच बायको ना वं!"

मग पारशिवनीच्या फेऱ्या सुरू झाल्या. काकूंच्या भावाच्या अंगणात गाडी उभी राहिली की सगळी गल्ली त्यात बसून पाहायची. तिसऱ्या वर्षी मात्र एक सायकलवाला बाजूने आला आणि काकांना दिसलाच नाही. ब्रेक वेळेवर लागला, कुणाला काही झालं नाही. घरी येताच त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यानंतर मी चालवायची आणि ते मागून ओरडायचे, "दाब ना वं! बैलगाडी आहे का?"

लीज संपली तोवर त्यांना समोरचं माणूसही आवाजावरून ओळखावं लागत होतं. दोघांनी लेकाकडे जायचं ठरवलं होतं. गाडी न्यायला माणूस आला, तेव्हा काकू पुन्हा ताट घेऊन खाली आल्या. जाणाऱ्या गाडीलाही लिंबू लागतं, असं त्यांचं म्हणणं. काकांनी चपला काढल्या, चाचपडत बॉनेटला हात लावून छातीशी नेला आणि स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. थोड्या वेळाने उतरले आणि म्हणाले, "पाहिलं बसून."

मला रडू आवरेना. गाडी निघाली, पण तिला आवाज कुठला? ती फाटकाबाहेर वळली तरी काका तिकडेच तोंड करून उभे.

"गेली का वं?"

"गेली, काका."

"लिंबं फुटले? चारही?"

एक लिंबू चाकाखालून निसटून भिंतीपाशी पडलं होतं, अख्खं.

"चारही," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, वाकून ते लिंबू उचललं आणि पदराच्या टोकाला बांधलं.