पोछ्यातलं पीठ

वला पोछा बादलीत तसाच उभा ऱ्हायला की दुसऱ्या दिवशी शिळ्या आंबिलीवानी वास सुटतो, आन् थंडीचं कोवळं ऊन उंबऱ्याशी आलेलं असताना त्यो वास मला धरून मागं नेतो, लेक गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी.

म्हनून मी रोज धुते. गार पान्यात धागे मोकळे करायचे, सोडा चोळायचा, पिळायचा, आन् काठी उलटी करून उन्हात कुंपनाला टेकवायची. पिठाला गरम पानी चालत न्हाई. पीठ शिजतं आन् धाग्याला धरून बसतं. ते मी पहिल्याच दिवशी चुकले. मधले धागे अजून ताठ हायेत.

पोछा लेकानंच आनला व्हता, नारायनगावच्या बाजारातून. जलम सगळा शेनाच्या भुईवर पोतेरं फिरवन्यात गेला, गुडघं गेलं, बोरी गावातल्या आमच्या घरात फरशी बसली तवा म्हनला, "आई, आता वाकायचं न्हाई." वर्सानं त्योच गेला. तापाचं निमित्त झालं.

आमच्यात जित जीव गेला तित पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपलं झाकतात. सकाळी सगळ्यांनी मिळून बघायचं, पिठावर पाऊल कोनाचं उठलंय. ज्याचं पाऊल, त्यो जलम त्याला मिळाला. मी पहाटंच उठले. रडून डोकं बधिर, हाताला तेवढी सवय. टोपलं उचललं, विझलेला दिवा बाजूला ठेवला, पोछा फिरवला. फरशी चमकली तवा कळलं. पिठावर काय व्हतं, ते मी बघितलंच न्हाई.

मग डब्यातलं पीठ आनून पसरलं, आन् तीन बोटं टेकवली.

घर जागं झालं. सून वाकली, म्हनली, "पाखरू झालं." तवापासनं ती रोज परसात ज्वारी टाकती, वाटीत पानी ठेवती. चिमन्या येतात, साळुंक्या येतात, ती एकेकीकडं बघत ऱ्हाती, आन् मी मान खाली घालून धागे पिळते. पाच वर्सं झाली.

आज तिनं पोछा माझ्या हातातून काढून घेतला. "आत्या, ह्याला पेन्शन द्या की आता. नवा आनलाय."

"हाय ह्याच्यात जीव अजून," मी म्हनले.

ती हसली न्हाई. ताठ धागे बोटांनी चाचपत बसली, लई येळ. मग म्हनली, "त्या सकाळी पीठ मी गोळा केलं, आत्या. हाताला चिकटलं. खाली फरशी वली व्हती."

बादलीत माझे हात गार पडले, तरी तितंच ऱ्हायले.

ती उठली, पदराला हात पुसले, सुपातली ज्वारी घेतली आन् परसात गेली, रोजच्यासारखी. इतक्या वर्सांत मी त्या पाखरांकडं कधी डोळं वर करून बघितलं नव्हतं. आज बघितलं.