कोरडी फरशी

सकाळी चहा घेऊन बाल्कनीत आलो, तर दोरीवर नुकताच धुतलेला पंचा होता आणि त्याच्याखालची फरशी कोरडी होती.

नलूला, माझ्या बायकोला, आमवात झाल्यापासून तिथे रोज तळं साचायचं. सकाळी तिची बोटं इतकी आखडलेली असत की कपड्याला पीळ बसत नसे. ती आत गेली की मी पंचा गुपचूप काढून पुन्हा पिळायचो आणि होता तसा टाकायचो. तिला कळू नये, एवढंच बघायचो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की शरीराची राखण करणाऱ्या पेशीच सांध्यांवर उलटतात. "पण का?" मी जरा चिडूनच विचारलं होतं. "तेच शोधतोय," त्या म्हणाल्या, आणि त्या संशोधनासाठी त्यांनी नलूचं थोडं रक्त मागितलं. शेजारणीला विरजण द्यावं इतक्या सहज नलूने हात पुढे केला.

ते रक्त आता कुठल्याशा थंड कपाटात असेल. कुणीतरी डोळे बारीक करून त्यात बघत असेल. 'का'चं उत्तर अजून आलेलं नाही. गोळ्या मात्र त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत, हळूहळू लागू पडत गेल्या. माझी काही तक्रार नाही.

सवयीने मी पंचा काढला आणि जोर लावून पिळला. थेंबही निघाला नाही.

"आता राहू द्या," दारातून नलू म्हणाली. "इतके दिवस पिळलात, तेवढं पुरे."