बगॅसच्या ढिगावरचं स्लालम

आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन सहकाराचा अभ्यास करायला युरोपात गेले आणि येताना एका इटालियन स्कीपटूबरोबर काढलेला फोटो घेऊन आले. साखरेबद्दल तिथे त्यांनी काय पाहिलं, ते कुणालाच कळलं नाही. पायांना लांब फळ्या बांधून, बर्फात रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी घसरत येणारा तो गडी मात्र श्रीरामपूरपासून सोनईपर्यंत त्यांच्या प्रत्येक भाषणात हजर असायचा.

मी कारखान्याच्या शाळेत खेळाचा मास्तर होतो. नोकरी तात्पुरती, आणि कायम करणं चेअरमनच्या हातात. कारखान्याच्या स्मरणिकेसाठी त्या इटालियनाची कारकीर्द लिहायला त्यांनी मला सांगितलं. रोमला शिकून आलेल्या एका फादरांकडून मी जुनी मासिकं वाचून घेतली. निघालं असं, की हा बाबा चार-पाचदा जिंकला होता. बाकी वेळा कुठली तरी काठी चुकून बाद झाला होता आणि दोनदा पाय मोडून घेतला होता. स्लालममध्ये, म्हणजे या काठ्यांच्या शर्यतीत, एका काठीच्या बाहेरून गेलात आणि परत वर चढून ती नीट घेतली नाहीत, की खेळ खलास, मग तुम्ही वाऱ्यासारखे का येईनात. दर वेळी बाद होऊन पुन्हा वर जाऊन उभा राहणारा हा माणूस मला फार आवडला. चेअरमननी लेखातलं पडलेलं, मोडलेलं, बाद झालेलं सगळं लाल पेन्सिलीनं खोडलं. अख्खी कारकीर्द दीड पानात आटोपली. उरलेलं मी मुकाट्यानं पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

मग स्मरणिकेच्या प्रकाशनाला प्रत्यक्ष स्लालमही झालं पाहिजे, असं ठरलं. बर्फ नव्हता, पण गाळपाचा हंगाम होता आणि रस काढून उरलेल्या भुशाचा, म्हणजे बगॅसचा, दोन मजली ढीग होता. कारखान्याच्या सुतारचाचांनी फळ्या तासून खालून मेण घासलं. काठ्या म्हणून वाढ्यांसकट, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पात्यांसकट, आठ ऊस रोवले. नावं अकरा जणांनी दिली. वर चढून खाली पाहिल्यावर नऊ जणांना कामं आठवली. उरले चेअरमनचा पुतण्या आणि पन्नाशीचे चाचा. पंच मी.

पुतण्या सुटला तो सरळ खाली. एकाही उसाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मंडपातून टाळ्या. चाचा मात्र प्रत्येक उसाला वळसा घालत आले. सहाव्या उसाशी ते घसरून बाहेर पडले. उठले, फळ्या सोडून खांद्यावर घेतल्या, चुकलेल्या उसाच्या वर चढून गेले आणि तिथून पुन्हा नीट आले. लोक पोट धरून हसत होते. दाढीतला भुसा झटकत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

नियम दोघांनाही ठाऊक होता. सकाळी मीच समजावून सांगितला होता. चेअरमननी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुतण्याचा हात वर केला. त्याची मला आजही लाज वाटते, आणि त्याहून जास्त लाज याची वाटते, की तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. ऑर्डर खिशात घालून ऑफिसातून बाहेर पडलो, तर पायरीशी चाचा उभे.

"मास्तर, माझं काय चुकलं तेवढं सांगा. पुढल्या साली सुधारतो."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला वेळ फार लागला, चाचा."

"व्हय, लई लागला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या खिडकीतून पाहिलं, तर चाचांनी ढिगावर पुन्हा ऊस रोवले होते. एकटेच खाली येत होते, एकही ऊस न चुकवता, फक्त आधीपेक्षा जोरात.